इंजिनाने ओकलेलं गोडं पाणी

त्या सकाळी बोटींच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ट्रॉलीवर उभ्या असलेल्या जेट बोटीभोवती माणसांनी कडं केलं होतं. कड्यात जागा न मिळालेले भिंतीवर चढले होते, आणि भिंतही न मिळालेले पुढच्याला "काय दिसतंय?" विचारून हैराण करत होते. दिसत एवढंच होतं की पांढऱ्या कपड्यांतले जलबाबा उघड्या इंजिनाशी बोलत आहेत. इंजिन उत्तर देत नव्हतं.

"सोडतोस की नाही?" बाबा गरजले. "चार ठिकाणी धरून बसलायस, दिसतंय मला! उपटा रे याच्या चारी शेंड्या!"

चारी शेंड्या म्हणजे चार स्पार्क प्लग. बोटीच्या चालकाने पाना लावून ते काढले. बाबांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि एकदम ओरडले, "फिरव!" चालकाने बटण दाबलं. आदल्या संध्याकाळी ठणठणीत असलेलं आणि सकाळी दगडासारखं जाम झालेलं ते इंजिन गर्रकन फिरलं, आणि प्लगच्या चारही भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या.

"बुडालेल्याचे अश्रू!" बाबांनी जाहीर केलं. पुढच्या रांगेने ते अश्रू डोळ्यांना लावले. मग प्लग पुसून परत बसवले, इंजिन सुरू झालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

डॉक्टरीणबाई पुढेच उभ्या होत्या. याच बोटीने त्या रोज पलीकडच्या किनाऱ्यावरचे रुग्ण बघायला जात. एक चिळकांडी त्यांच्याही तोंडावर आली. त्यांनी पदराने चेहरा पुसला, ओठांवरून जीभ फिरवली, मग पुन्हा एकदा फिरवली. शेजारचा म्हणाला, "बघा, डॉक्टरांनाही पटलं."

ही तिसरी बोट होती. बाबांचं निदान पहिल्या बोटीपासून ठरलेलं होतं. मागच्या वादळात दुसरा एक चालक समुद्रात अडकलेल्यांना आणायला गेला होता. अडकलेले परत आले, तो आला नाही, त्याचं प्रेतही सापडलं नाही. तोच आता एकेका इंजिनाचा गळा धरून बसतो, असं बाबा सांगत. कारण त्याचा जीव बायकोत अडकलाय. ती गावात आहे तोवर तो जायचा नाही. रविवारपर्यंत ती गेली नाही, तर तो चौथी बोट धरेल.

बोटवाले वाईट नव्हते. बुडालेल्याच्या घरी ते पोटभर जेवले होते. म्हणून त्यांनी माना खाली घालून ठरवलं की तिने माहेरी जावं. तिला माहेर उरलेलंच नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुपारी डॉक्टरीणबाई तिच्याकडे गेल्या. ती बोटींवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायची. खोलीभर निळं कापड पसरलेलं, मध्ये मशीन, आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून तिच्या सासूबाई.

"तुम्हीही सांगायलाच आलात?" शिवणवालीने मशीन न थांबवता विचारलं.

"नाही. मी विचारायला आले. एक दिवस थांबाल का? रविवारी जाऊ नका. सोमवारी सकाळपर्यंत थांबा."

"आणि बोट बंद पडली तर? लोक घरात शिरतील."

"मी असेन."

मशीन थांबलं. तिने मान वर केली. "डॉक्टरीणबाई, तो खरंच आला असेल, तर इंजिनात का शिरला हो? घरी का नाही आला?"

सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरीणबाई उठल्या आणि थेट आवारात गेल्या. चालक एकटाच बोट पुसत बसला होता.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या. "इंजिनात पाणी जातं कसं?"

"खाऱ्या पाण्याने इंजिन गंजतं, म्हणून फेरी झाली की बोट ट्रॉलीवर घ्यायची, नळाचा पाइप लावायचा आणि आतून धुवायचं. पण क्रम चुकवायचा नाही. आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. इंजिन चालू असलं की धुराचा जोर पाण्याला बाहेर ढकलतो. बंद इंजिनाला पाणी दिलं, तर ते धुराच्या वाटेने उलटं आत शिरतं. सिलिंडर भरले की इंजिन जाम."

"मग कुणीतरी तसंच केलं असेल."

"कोण करणार? सकाळी नळ बंद होता. पाइप गुंडाळून खुंटीला होता."

"म्हणजे भुताने काम झाल्यावर नळ बंद केला आणि पाइप गुंडाळून जागेवर ठेवला. शिस्तीचं भूत दिसतंय."

चालक हसला नाही. बुडालेला त्याचा मित्र होता.

"आणखी एक सांगा," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तो बुडाला खाऱ्या पाण्यात. अश्रूसुद्धा खारट असतात. मग माझ्या तोंडावर उडालं ते पाणी गोडं कसं?"

चालकाने फडकं खाली ठेवलं. मग दोघांनी एक बेत ठरवला.

रविवारी शिवणवाली गेली नाही. बाबांनी चार माणसांत मान हलवली आणि म्हणाले, "आता मी काय करू?" संध्याकाळी सगळ्या बोटी नेहमीसारख्या धुऊन झाल्या. त्यानंतर डॉक्टरीणबाईंनी आवाराच्या टाकीत दवाखान्यातल्या झाडून साऱ्या बाटल्या रिकाम्या केल्या. तोंड आल्यावर लावतात ते जांभळं औषध. त्या टाकीचं पाणी कुणी पीत नसे.

सोमवारी चौथ्या बोटीचं इंजिन जाम होतं. गर्दी आधीपेक्षा मोठी होती आणि या वेळी कुजबुजत नव्हती. काहीजण शिवणवालीच्या घराकडे बोट दाखवून मोठ्याने बोलत होते. ती सासूचा हात धरून आवाराच्या फाटकात येऊन उभी राहिली. डॉक्टरीणबाईंचा अंदाज चुकला असेल, तर ही माणसं आवरणार नव्हती.

बाबांनी शेंड्या उपटवल्या. डोळे मिटले. "फिरव!"

चिळकांड्या उडाल्या, आणि बाबांचे पांढरे कपडे छातीपासून गुडघ्यापर्यंत जांभळे झाले.

बाबा हजरजबाबी. "शोक!" ते ओरडले. "हा शोकाचा रंग आहे!"

"हा तोंड आल्यावर लावायच्या औषधाचा रंग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी मी तो टाकीत ओतला." त्यांनी कोपऱ्यातला नळ सोडला. जांभळी धार लागली. "बंद इंजिनाला कुणीतरी या नळाचं पाणी पाजलंय. कुणी, ते हात सांगतील. सगळ्यांनी हात वर करा बरं."

हात वर झाले. फक्त बाबांचा आडदांड चेला, सगळे ज्याला पैलवान म्हणत, एवढ्या उकाड्यात शाल घट्ट लपेटून उभा होता.

"पैलवान, हात?"

"हातांना थंडी वाजतेय."

चालकाने शाल ओढली. हात मनगटांपर्यंत जांभळे होते.

"रात्री अंधारात रंग दिसलाच नाही. साबणाने घासले, राखेने घासले," पैलवान रडकुंडीला आला. "पहाटेच यांना सांगणार होतो. पण हे ध्यानाला बसले होते!" मग त्याने सगळंच सांगून टाकलं. बाबा पूर्वी दुसऱ्या गावी बोटींच्या कारखान्यात कामाला होते. बंद इंजिनाला पाणी दिलं म्हणून मालकाने हाकललं होतं. विद्या तिथूनच मिळाली होती, दक्षिणा इथे मिळत होती.

"पण मंत्राने इंजिन सुटतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!" गर्दीतून एकजण म्हणाला. त्याने तिन्ही वेळा अश्रू डोळ्यांना लावले होते.

"प्लग काढले की पाण्याला वाट मिळते, म्हणून सुटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत अजून पाणी आहे. मंत्र न म्हणता कुणी बटण दाबतंय का?"

कुणी हललं नाही. सासूबाई सुनेचा हात सोडून पुढे आल्या. चालकाने त्यांना आधार देऊन बोटीत चढवलं. त्यांनी ओठ घट्ट मिटून बटण दाबलं. उरलेलं जांभळं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर आलं. चालकाने प्लग बसवले, पाइप लावला, आधी इंजिन चालू केलं, मग नळ सोडला. बोटीच्या मागून पाणी धो धो वाहू लागलं आणि इंजिन एका लयीत चालू राहिलं. एवढाच तो चमत्कार.

तोवर बाबा फाटकाकडे सरकले होते, पण जांभळा माणूस गर्दीत लपत नाही. पोलीस येईपर्यंत लोकांनी त्यांना ताडपत्र्यांच्या ढिगावर बसवून ठेवलं.

"तुम्ही बाबाला हसताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण एका बाईला घराबाहेर काढायला तुम्ही निघाला होतात, बाबा नव्हे. इंजिनात पाणी दिसलं, तर पाणी आलं कुठून, एवढं विचारायचं होतं. चाखून बघितलं असतं तरी पुरलं असतं. कुणीही काहीही सांगो, ते तपासता येईल का, हे आधी बघा. सांगणारा तपासू देत नसेल, तर त्याला दारात उभं करू नका."

माना पुन्हा खाली गेल्या. या वेळी त्या खाली जाणं रास्तच होतं.

शिवणवाली मात्र कुणाकडे बघत नव्हती. ती चालत्या इंजिनावर हात ठेवून उभी होती.

"म्हणजे तो नव्हताच," ती म्हणाली.

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तो माणसं वाचवायला गेला आणि त्यातच गेला. त्याने कुणालाच त्रास दिलेला नाही."

वादळानंतर तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं. आता ती बोटीच्या कडेला डोकं टेकून हमसून हमसून रडली. सासूबाई बोटीतून खाली उतरल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.