उलटं सांगितलंस

सासूबाईंना इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सुनेची उजळणी त्याच घेत. सुनेने पुठ्ठ्याची कार्डं केली होती, पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ. शब्द सगळे आडवळणी आणि जोडीजोडीचे. दिसायला जुळे भाऊ, स्वभावाने भलतेच. सासूबाई मराठी बाजू आपल्याकडे धरत. बरोबर आलं की कार्ड डब्यात, चुकलं की गठ्ठ्याच्या तळाशी. डबा भरला की सून पास, असं दोघींनी ठरवूनच टाकलं होतं.

पास झाली की दूरच्या शहरात, कोर्टात दुभाष्याची नोकरी. मुलगा गेल्यापासून या दोन खोल्यांत दोघीच होत्या. सून गेली की उरणार एक. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, सासूबाईंच्या डोक्यात तोच भुंगा.

एकदा सून म्हणाली, "टॉर्चुअस म्हणजे वळणावळणाचं. टॉर्चरस म्हणजे जीव काढणारं." दोन्ही कार्डांमागे अगदी तसंच लिहिलेलं होतं. तरी सासूबाई बोलून गेल्या, "उलटं सांगितलंस."

सुनेने कपाळावर हात मारला. जुळ्यांची अदलाबदल झाली असणार, हे तिला लगेच पटलं. पटलं, तिथेच घात झाला. सासूबाईंची जीभ चटावली. डबा काही भरेना, आणि सुनेच्या डोळ्याला डोळा लागेना.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिने गठ्ठा बाजूला सारला. "आई, मी नाही बसत परीक्षेला. येतं वाटतं तेच चुकतं. डोकंच नाही मला."

हवं ते आयतं हातात आलं होतं. सासूबाईंनी गॅस बारीक केला, मोठा केला, पुन्हा बारीक केला. सून नखं कुरतडत बसली होती. नवरा गेला तेव्हाही तिने असा धीर सोडला नव्हता.

"अगं, तुझं बरोबरच होतं," त्या ओट्याकडे तोंड करून म्हणाल्या. "मीच चुकलं म्हणत होते. तू गेलीस की मी कुणाशी बोलू?"

सुनेने नखं कुरतडणं थांबवलं. मग तिने गठ्ठा त्यांच्यापुढे आपटला. "धरा."

त्या एकेक धरत गेल्या. सून रागाने धडाधड सांगत गेली आणि दर खेपेला त्यांना "बरोबर" म्हणावं लागलं. व्हीनल म्हणजे लाचखाऊ. बरोबर. डबा काठोकाठ भरला. शेवटी त्याचाच जुळा उरला, व्हीनियल. मागे लिहिलं होतं, 'पोटात घालण्याजोगी चूक'.

सून कार्डाकडे बघत राहिली.

"हा येतो तुला," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"येतो. पण आज नाही सांगणार."

"मग कधी?"

"उद्या परीक्षा देऊन आल्यावर विचारा."

नियमाने कार्ड तळाशी जायचं, पण गठ्ठाच संपला होता. सासूबाई ते हातात धरून बसून राहिल्या. पातेलं करपल्याचा वास आला तेव्हा सूनच उठली आणि तिने गॅस बंद केला.