तळ्यात घुसलेली भिंत

तळ्याकाठच्या त्या पडक्या किल्ल्यावर मी काही इतिहासाच्या ओढीनं गेलो नव्हतो. बायकोबरोबर रोज तिथं जाणारा दाढीवाला मला डोळ्यांनी बघायचा होता, म्हणून दुकानाला कुलूप लावून गेलो. मी शिंपी. ही जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे करते. तिच्या ऑफिसनं आता आणखी एका किल्ल्याचं काम घेतलं होतं. पार दूरचं, वर्षभर तिथंच राहायचं. दाढीवाला जाणार हे ठरलेलंच होतं, हिनं सोमवारी काय ते कळवायचं होतं. घरी तिनं मला विचारलं तेव्हा मी शिलाई मशीन सुरू केलं आणि बहिऱ्याचं सोंग घेतलं.

दाढीवाला दिसायला बेताचा असेल अशी मला आशा होती. ती फोल ठरली. त्याच्या कोटात तरी खोट काढावी म्हणून खांद्याची शिवण बघितली, तर तीही कुणीतरी झकास बसवलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर हा गृहस्थ मला ‘मास्टर’ म्हणत अदबीनं बोलत होता, म्हणजे भांडायचीही सोय नाही.

किल्ला म्हणजे आता चार भिंती आणि एक बुरूज. मधलं मोठं दालन उघडं पडलेलं, आत गुडघाभर गवत. तळ्याकडच्या लांब भिंतीत ओळीनं खिडक्या होत्या आणि प्रत्येकीत दोन माणसं समोरासमोर बसतील अशी दगडी बैठक. कुठं शेकोटी पेटायची, पहारेकरी कुठून वर चढायचे, ते ही हौसेनं सांगत होती. हे दोघं दुपारी कोणत्या खिडकीत बसत असतील, एवढंच मी शोधत होतो. एका खिडकीत पेन्सिलींची सोलपटं सापडली. दोन रंगांची.

त्यांना एकमेकांशी पुरतं बोलावंही लागत नव्हतं. हिनं “तो जरा” म्हणायचा अवकाश, ह्यानं ओळंबा पुढं केलेला. मी? घरी हिनं कात्री मागितली तर मी ‘कुठली’ विचारतो आणि मग ती स्वतःच उठते. थोड्या वेळानं त्यानं थर्मासमधून चहा ओतला. हिला बिनसाखरेचा. साखर कधी सोडलीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, झालं की वर्ष. रोज सकाळी मी हिला दोन चमचे साखर घालून चहा देतो आणि ही तो मुकाट्यानं पिते. खरं काय ते दाढीवाल्याला माहीत. कानामागून आला आणि तिखट झाला.

तो फोटो काढायला बुरुजावर चढला तशी मी टेप हातात घेतली. टेप धरण्यात माझा जन्म गेलाय, म्हटलं. ही जरा घुटमळली, मग वही उघडून उभी राहिली. खिडकीची रुंदी, मधला भिंतीचा तुकडा, पुन्हा खिडकी. मी आकडा सांगायचा, तिनं लिहायचा. बुरुजापर्यंत पोचावं म्हणून मी आकडे जरा मोठ्यानंच सांगत होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाची इथं गरजच काय?

उन्हं उतरल्यावर दरवाज्याजवळच्या रखवालदाराच्या चौकीत ही कागदावर मापं मांडायला बसली. अख्ख्या भिंतीची लांबी त्या दोघांनी आधीच घेतलेली होती. माझ्या तुकड्यांची बेरीज त्यापेक्षा चांगली हातभर जास्त भरली. कागदावर भिंत कोपरा ओलांडून सरळ तळ्यात घुसली. दाढीवाल्यानं पुन्हा बेरीज केली. मग मलाच धीर दिला, की दगड झिजलेले असतात मास्टर, होतं असं, उद्या आम्ही परत मोजू. ‘आम्ही’ ऐकून मला ती टेप गिळून टाकावीशी वाटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हिनं पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

“प्रत्येकात बोटभर जास्त धरलंस ना?”

मला आधी कळेचना. मग कळलं. गिऱ्हाइकाची छाती मोजली की माझ्या तोंडून आकडा येतो तो बोटभर सैल धरूनच. अंगाला चिकटून कपडा शिवला तर गिऱ्हाईक परत येत नाही. हात भिंतीवर होते आणि जीभ दुकानात.

ही हसत सुटली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दाढीवाल्यापाशी अशी हसलेली मी दिवसभरात ऐकली नव्हती. तिनं एकेका तुकड्यातून बोटभर कमी केलं आणि भिंत कोपऱ्यावर येऊन निमूट थांबली. तुला कसं कळलं, असं दाढीवाल्यानं विचारलं.

“हा जे बोलतो त्यातून मी थोडं वजा करूनच ऐकते,” ती म्हणाली. “सवय आहे.”

मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ओळंबा काय, कुणीही पुढं करील. ही वजाबाकी त्याला सात जन्मांत जमली नसती.

तो सामान गाडीत ठेवायला गेला. ही कागद गुंडाळत होती आणि गुंडाळता गुंडाळता म्हणाली, की सोमवार आलाच आता. तिला जायचंय हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. नसतं कळलं तर मी एवढा जळलोही नसतो.

“जा तू,” मी म्हणालो. “मला काही वाटणार नाही.”

गुंडाळी काखेत धरून ती माझ्याकडे बघत राहिली.

“ह्यातून किती वजा करू?”

“सगळं,” मी म्हणालो. “पण जा.”