मान हलली म्हणजे कळलं?

ऐकताय ना? नुसती मान हलवू नका हं, तोंडाने सांगा. मी कोर्टातला हेडफोन बोलतोय, आणि मान हलवण्याचा मी जाम धसका घेतलाय.

कारखान्यात असताना वाटायचं, आपल्या नशिबी गाणी येणार. कसलं काय! आलो थेट आरोपीच्या खुर्चीजवळच्या खुंटीवर. ज्याला कोर्टाची भाषा येत नाही त्याच्या कानावर मी बसतो. मागच्या काचेच्या खोलीतून दुभाषी बाई बोलतात, मी पोचवतो. जगातल्या कितीतरी देशांनी मिळून करार केलाय म्हणे, की ज्याच्यावर आरोप आहे त्याला काय चाललंय ते समजेल अशा भाषेत कळलंच पाहिजे, आणि दुभाषी फुकट मिळाला पाहिजे. हे कळल्यापासून माझी कॉलर ताठ. म्हणजे, असती तर!

मग मावशी आल्या. परदेशातून कामाला आलेल्या, एका आजारी आजोबांना सांभाळायच्या. आजोबा घरात एकटे असताना पडले, कमरेचं हाड मोडलं. मावशी त्यांना जाणूनबुजून टाकून गेल्या, असा आरोप. सिद्ध झाला की तुरुंग.

सरकारी वकील सुसाट सुटले. बाई भाषांतर करतायत, मी पोचवतोय, मावशी मान हलवतायत. सगळं कसं झकास! फक्त माझ्या उशीखाली त्यांचा जबडा दगडासारखा घट्ट. म्हटलं, घाबरल्या असतील बिचाऱ्या.

"एकटं सोडलं तर ते पडतील, हे तुम्हाला माहीत होतं ना?" वकिलांनी विचारलं.

मावशींनी मान हलवली. जजसाहेब टायपिस्टला म्हणाले, आरोपीला मान्य आहे, घ्या लिहून.

काचेमागे बाईंना काहीतरी खटकलं. मग माझ्यातून त्यांचा आवाज आला, अगदी हळू. "मावशी, मी हत्ती आहे, बरोबर?"

मावशींनी मान हलवली. अदबीने.

बाई तशाच धावत बाहेर आल्या. झालं होतं असं, की मावशींची भाषा डोंगरापलीकडची, बाईंची अलीकडची, आणि ऑफिसात कुणीतरी 'एकच की' म्हणून मोकळं झालं होतं. एवढी मोठी माणसं बोलतायत, त्यांना मधेच कसं थांबवायचं, म्हणून मावशी आपल्या मान हलवत बसलेल्या. वकील कुरकुरले, एवढं काम झालंय, आता परत पहिल्यापासून?

"यांना जे कळलंच नाही, ते झालंच नाही," जजसाहेब म्हणाले, आणि ते 'मान्य' खोडायला लावलं.

पुढच्या तारखेला डोंगरापलीकडची भाषा बोलणारे काका आले. त्यांचं पहिलं वाक्य मी पोचवलं आणि माझ्याखालचा जबडा सैल पडला. काही सांगायचंय का, जजसाहेबांनी विचारलं. मला वाटलं, आता मावशी स्वतःची बाजू मांडणार.

"आजोबा चालायला लागले का?" त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगतच नाही."

मग त्यांनी सांगितलं, त्या दिवशी आजोबांच्या सूनबाईंनीच 'जा, मी आहे घरी' म्हणून त्यांना बाहेर पाठवलं होतं. खरं-खोटं कोर्ट बघेल. निकाल अजून लागायचाय. पण आता जो लागेल तो मावशींचं ऐकून लागेल.

माझं म्हणाल तर उशीचा स्पंज सुटलाय, वायरला चिकटपट्टी आहे. नव्या हेडफोनांची खोकी दाराशी येऊन पडलीयत. जाईन मी. फक्त माझ्या जागी येणाऱ्याला सांगा, कानात आवाज पोचवला म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. आणि तुम्हीही समोरच्याला एकदा विचारत जा, कळलं का म्हणून.

विचाराल ना?

बघा, परत मान हलवलीत!