सात नंबरच्या खांबाचा ताप

सकाळी सात वाजता सात नंबरच्या खांबातून वाफ निघाली आणि साडेसातपर्यंत तिथं चपलांचा ढीग पडला.

दोन महामार्ग जिथं एकमेकांच्या पायात पाय घालून पडले होते, तिथली ही गोष्ट. तिथली कोंडी अशी, की दाढी करून निघालेला माणूस पलीकडे पोचेपर्यंत पुन्हा खुंट वाढायचे. तो गुंता सोडवायला नवा पूल आणि त्यावर चढणारा नवा रस्ता, असं काम दोन वर्षं चाललं होतं. आता अडकलेल्या गाड्यांतली माणसं उतरून खांबाला हात लावत होती.

"अगं बाई, तापलाय की!"

"नुसता तापलाय? फणफणलाय!"

खांबाशी पांढऱ्या कफनीतले खांबबाबा बसले होते. कालपर्यंत त्यांना कोणी काहीच म्हणत नव्हतं.

"चौकाला तुम्ही पीळ दिलात!" बाबा गरजले. "चौकाचा जीव या खांबात शिरलाय. एकवीस दिवस इथं हत्यार वाजता कामा नये, दुसऱ्या कुणाचं पाणी पडता कामा नये. मी मंत्राचं पाणी घालीन. ताप नाही उतरला तर मला याच खांबात गाडा!"

मग शिंका अडकल्यासारखे मंत्र झाले. लोक यंत्रांपुढे आडवे झाले. तरुण इंजिनियरसाहेबांनी तापमानाचा आलेख दाखवला. लोकांनी आलेखाला पाठ दाखवली.

हे सगळं पाणीवाली लांबून बघत होती. ओतलेल्या काँक्रीटवर गोणपाट गुंडाळून दिवसभर पाणी मारायचं, हे तिचं काम. सहा खांब तिनं असेच न्हाऊ घातले होते. सहाही तापले होते, सहाही निवले होते, आणि कुणी त्यांना विचारलंही नव्हतं.

"साहेब, एकवीस दिवस थांबलो तर वरचा रस्ता कधी सुरू होणार?"

"महिन्याभरात व्हायचा होता, तो आणखी दोन महिने तरी लांबेल, मावशी. आणि पाणी न मिळता खांब तडकला, तर देवच जाणे."

"देवाला कशाला मधे घेता? आधीच गर्दी आहे."

पण दोन महिने तिला परवडणारे नव्हते. लेकीला आठवा संपत आला होता आणि दवाखाना पलीकडच्या अंगाला. पहिल्या खेपेला लेक याच कोंडीत बाळंत झाली, रिक्षात. तीन वर्षांच्या नातवाला घरीदारी सगळे 'मीटर' म्हणत आणि हसत. त्या दिवशी लेक किती पांढरी पडली होती, ते फक्त पाणीवालीला ठाऊक होतं.

मंत्राच्या पाण्याची बाटली घ्यायच्या मिषानं ती बाबांच्या जवळ गेली. बाबांच्या बोटांची टोकं खरखरीत, नखांच्या कडा खाल्लेल्या. तिनं स्वतःची बोटं पाहिली. हुबेहूब! अस्सं होय.

"साहेब," ती परत येऊन म्हणाली, "एक पोतं सिमेंट, वाळू, खडी आणि एक पिंप द्या. आणि काही विचारू नका."

दुसऱ्या सकाळी हातगाडी ढकलत ती गर्दीत घुसली. गाडीवर गोधड्यांत गुंडाळलेलं कुणीतरी बसलं होतं. वरून तिची जुनी साडी.

"बाबा, सासूबाई हो! कालपासून तापल्यात. हलत नाहीत, बोलत नाहीत, घोटभर पाणी मागत नाहीत. उजेड सोसत नाही, नुसता हात लावून सांगा."

बाबांनी साडीखाली हात घातला आणि डोळे मिटले.

"चौकाची बाधा! म्हातारीचा जीव आणि खांबाचा जीव एक झालाय. मला दिसतंय, म्हातारी आतून रडतेय."

"मी?" गर्दीतून चिरका आवाज आला. "मी कशाला रडू? मी सकाळी दोन कप चहा प्यायलेय!"

काठी टेकत सासूबाई पुढे आल्या. "आणि सूनबाई, ती माझी गोधडी आहे!"

पाणीवालीनं गोधडी ओढली. आत काँक्रीटनं भरलेला पिंप. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा चौक.

"काल संध्याकाळी मी हे कालवलं," ती म्हणाली. "सिमेंटला पाणी लागलं की ते घट्ट होताना तापतं. खांब जाड, आतली ऊब बाहेर पडायला वेळ लागतो. गार सकाळी त्यावर पाणी पडलं की वाफ. पुढं आपोआप निवतो, मग बाबा मंत्र घालोत की ताक! आणि हे बाबांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. दाखवा की बोटं! किती वर्षं काँक्रीट ओढलंत?"

बाबांनी हात कफनीत लपवले. मग हळूच म्हणाले, "अकरा."

एकजण धावून आला तशी पाणीवाली मधे पडली. "मारता कशाला? हात लावून चटका बसला, इथपर्यंत तुमचं बरोबर होतं. तिथंच का थांबलात? पुढं विचारायचं, का तापलाय? जो उत्तर देतो त्याला विचारायचं, कशावरून? एवढं केलं असतंत तर काल काम थांबलं नसतं." बाबांकडं वळून ती म्हणाली, "मला पाणी मारायला एक माणूस कमी आहे. कफनी काढून या."

यंत्रं सुरू झाली.

सहाव्या आठवड्यात पहाटे लेकीला कळा सुटल्या. नव्या रस्त्यावरून रिक्षा चार मिनिटांत पलीकडे गेली. सासूबाई कुरकुरल्या, "नीट बसूसुद्धा दिलं नाही!"

नात झाली, दवाखान्यात, गादीवर. पाणीवालीनं खरखरीत बोट तिच्या कपाळाला टेकवलं. कोमट होतं, जित्या माणसाचं असावं तेवढंच. तरी तिनं नर्सला विचारलं, "ताप नाही ना? कशावरून?"

नर्सनं थर्मामीटर दाखवला.