अजून सादर करण्यायोग्य नाही

अमरावतीच्या त्या संशोधन केंद्राच्या माहितीपत्रकात, दुसऱ्या पानावर, जाड ठशात छापले आहे : "जैववैद्यकीय विज्ञानात पूर्णवेळ, अनुदानित पीएच.डी.ची संधी. प्रत्येक संशोधकास स्वतंत्र विषय, अनुभवी मार्गदर्शक आणि विहित मुदतीत पदवी."

यातला 'पूर्णवेळ' हा शब्द निर्विवाद खरा आहे. 'अनुदानित' हाही पाच वर्षे खरा होता. त्यानंतर शिष्यवृत्ती संपली, काम तेवढे संपले नाही, आणि निखत सहाव्या वर्षी विनाअनुदानित पूर्णवेळ झाली. विषय स्वतंत्र होता : मेळघाटातल्या गरोदर बायांमधला सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. स्वातंत्र्य विषयाला होते, संशोधकाला असेल असे माहितीपत्रकात कुठेही म्हटलेले नाही. मार्गदर्शक डॉ. अनुप गावंडे यांच्या अनुभवाबद्दल तर शंकाच नको. राहता राहिली विहित मुदत. ती ३१ जुलैला संपत होती. त्या दिवसापर्यंत प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर नोंदणी रद्द, आणि निखतच्या आयुष्यातली सहा वर्षे घडलीच नाहीत असे धरले जाणार होते.

प्रबंध लिहून झाला होता. दोन वर्षांपूर्वीच. दोनशे बारा पाने, गावंडे सरांच्या टेबलाच्या उजव्या खणात.

"सर, सही."

"वाचून राहिलो ना बाप्पा," सर खणाकडे न पाहताच म्हणत. "घाई काहून करून राहिली तू? चौथं प्रकरण कच्चं आहे."

"काय कच्चं आहे ते सांगा सर. आजच बदलते."

"तेच तर पाहून राहिलो."

चौथे प्रकरण तिने तीनदा नव्याने लिहिले होते. कच्चेपण त्या प्रकरणात नव्हतेच, तेव्हा ते निघणार कुठून? ते शेजारच्या खोलीत होते. तिथे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारे एक जुने यंत्र उभे होते. त्याचे सुटे भाग बनवणे कंपनीने केव्हाच थांबवले होते, आणि नागपूरहून आलेला इंजिनिअर त्याला मृत घोषित करून चहा पिऊन गेला होता. त्या दुपारी, केंद्रात येऊन जेमतेम सहा महिने झालेल्या निखतने पंपाला कान लावला आणि म्हटले, "सर, झडप अडकून राहिली." तिचे वडील गयासुद्दीन अकोल्याच्या ताजनापेठेत शिलाई मशिनी दुरुस्त करत. टाका कुठे सुटतो हे आवाजावरून ओळखायचे, ही त्या घरातली बाराखडी होती. तासाभरात यंत्र चालू झाले. गावंडे सरांनी पेढे वाटले. निखतने दोन खाल्ले.

केंद्रात तंत्रज्ञाचे पद नव्हते. दर सोमवारी आणि गुरुवारी परतवाड्याच्या एस.टी.ने बर्फाच्या डब्यातून रक्ताचे नमुने येत. आठ दिवसांत अहवाल गेला तर नवऱ्याचीही तपासणी होई, आणि पोटातल्या बाळाबद्दल डॉक्टरांना वेळेत काही ठरवता येई. ही सारी साखळी एका मुलीच्या कानावर टांगलेली होती, आणि तिला त्याबद्दल दरवर्षी सत्कारात नारळ मिळे.

आता तिची स्वतःची चूक. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल द्यावा लागतो. तो मार्गदर्शकाने भरायचा असतो. केंद्राची रीत अशी, की सरांचा वेळ वाचावा म्हणून तो विद्यार्थ्यानेच भरावा आणि सरांनी सही करावी. शेवटचा रकाना : 'प्रबंध सादर करण्यायोग्य आहे काय?' सर खुर्चीत मागे रेलून म्हणत, "लिही, अजून नाही." ती लिही. पहिली काही वर्षे ते खरेच होते. पुढे खोटे झाले, तरी अक्षर तेच राहिले, वळणदार, तिचे स्वतःचे. असे अकरा कागद.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती विद्यापीठात गेली. पीएच.डी. विभागाच्या टेबलावर मोतीरामबाबू होते.

"नियम आहे ना ताई," ते म्हणाले. "गाइडची सही नसली तरी प्रबंध घेता येते. फक्त त्यायनं लेखी द्यावं लागते, का सही न देण्याचं कारण प्रबंधाच्या दर्जाचं नाही म्हणून."

"म्हणजे सरांनीच लिहून द्यायचं, की मी विनाकारण अडवून ठेवलं?"

"हो."

"असं कोणी लिहून देते काका?"

"सोळा वर्षं झाले मले या टेबलावर," मोतीरामबाबू शांतपणे म्हणाले. "अजून पाह्यलं नाही."

नियम करणाऱ्याच्या बुद्धीला दाद द्यायला हवी. दार ठेवले होते. किल्ली मात्र ज्याच्याविरुद्ध दार उघडायचे, त्याच्याच खिशात.

त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला.

"बंद पडू दे ती मशीन," अब्बा म्हणाले. "तू कान नको लावू. पडली का आपोआप सोडतीन तुले."

"अन् परतवाड्याच्या बाया? त्यायचा रिपोर्ट कोण देईन अब्बा?"

पलीकडे मशिनीचा खडखडाट थांबला.

"मंग तुया सरनं तुले बरोबर वळखलं बेटा," अब्बा म्हणाले.

तिने विद्यापीठाकडे तक्रार केली. तीन जणांची समिती २२ जुलैला केंद्रात आली. अध्यक्ष होत्या अकोल्याच्या निवृत्त प्राचार्या रागिणी भुयार. कमी बोलणाऱ्या, आणि सरबताचा पेला झाकून बाजूला ठेवणाऱ्या. गावंडे सरांनी काहीच युक्तिवाद केला नाही. अकरा कागद टेबलावर पसरले, पत्ते मांडावेत तसे.

"हे अक्षर माझं नाही मॅडम. 'अजून नाही' हे तिचं तिनंच लिहिलं. अकरा वेळा."

"हे तुझंच अक्षर?" भुयार मॅडमनी विचारले.

"हो मॅडम. सर सांगायचे, मी लिहायची."

"चुकीचं आहे हे कळत होतं, तरी लिहिलंस?"

"सगळेच लिहितात मॅडम."

हे बोलताक्षणीच तिला कळले की हे उत्तर नव्हे. दुसऱ्या सदस्याने पेनाचे टोपण लावले. तेवढ्यात दारात प्रणाली उभी राहिली. केंद्रातली सर्वांत नवी संशोधक. तिला येऊन वर्षही झाले नव्हते.

"सर, मशीनचं प्रेशर पडलं. परतवाड्याचा डबा येऊन तास होऊन राहिला."

"निखत, जाऊन ये जरा," सर सहज म्हणाले.

"डॉक्टर, सुनावणी चालू आहे," मॅडम म्हणाल्या. "ती तक्रारदार आहे."

"दहा मिनिटांचं काम आहे मॅडम. बसू तोवर आपण."

निखत मॅडमकडे पाहत राहिली. आपण खुर्चीला चिकटून बसलो तर जिंकू शकतो, असे तिला एक क्षण वाटले. मग डब्यातला बर्फ वितळताना दिसला आणि ती उठली.

यंत्राच्या खोलीत प्रणाली तिच्या खांद्यामागून डोकावत होती. "मले दाखव ना दीदी. आवाजात काय ऐकतेस तू?"

"मागं हो. पाहू नको," निखत फटकन म्हणाली.

"काहून?"

"तुझी नोंदणी कधी संपते?"

"अजून पाच वर्षं आहेत ना. काहून पण?"

पंपाच्या ठोक्यात चौथा ठोका रखडत होता. निखतने प्रणालीचे डोके धरून पंपाशी नेले, कान टेकवायला लावला, आणि झडप उघडून, धुऊन, बसवून दाखवली. दाखवताना आपण काय करतो आहोत हे तिला पुरते ठाऊक होते. प्रणालीचा चेहरा खुलला. "ऐकू आलं दीदी! चौथा!" निखतला तिच्याकडे पाहवले नाही.

ती परतली तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती. तिसरे सदस्य जबानीचा कागद सरांपुढे सरकवत होते. मधल्या वेळात मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता म्हणे : ही विद्यार्थिनी इतकी का लागते तुम्हाला? सरांनी मनापासून उत्तर दिले होते. आता ते चष्मा लावून ते उत्तर वाचत होते, सावकाश, दोनदा. आपलाच अग्रलेख वाचावा तसे.

"काही बदलायचं आहे?" मॅडमनी विचारले.

"छे. बरोबर लिहिलं." त्यांनी झोकात सही केली आणि निखतकडे पाहून हसले. "पाह्य, तुयी तारीफच केली आम्ही."

ते खोटे बोलत नव्हते. त्या कागदात लपवण्याजोगे काही आहे, हे त्यांना सहीच्या क्षणीही जाणवले नाही, आणि त्यांच्या अपराधाचे खरे माप तेच आहे. समितीने निष्कर्ष काढला नाही. तशी तिची पद्धत नव्हती. जबानीची प्रमाणित प्रत मात्र भुयार मॅडमनी स्वतः उभे राहून काढून घेतली आणि निखतच्या हाती दिली.

३० जुलैला मोतीरामबाबूंनी ती प्रत उजेडात धरून वाचली. मग खुर्चीवरून थोडे उठून पुन्हा वाचली.

"हे त्यायनं सोता सांगतलं?"

"सही पाहा ना काका."

बाबूंनी शिक्का शाईत दाबला, निखतने नव्याने छापून आणलेल्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर उमटवला, आणि नोंदवहीतल्या सोळा वर्षे कोऱ्या राहिलेल्या रकान्यात, 'मार्गदर्शकाने दिलेले कारण' या शब्दांपुढे, जबानी जशीच्या तशी उतरवून घेतली :

"प्रबंधात दोष काहीच नाही. मी तो दोन वर्षांपूर्वीच वाचला, माझ्या हाताखाली इतका चांगला प्रबंध झाला नाही. पण सही केली की पोरगी जाणार, आणि ते मशीन दुसऱ्या कोणाला ऐकत नाही. शासनानं मला तंत्रज्ञ मंजूर केला नाही, विद्यार्थी मंजूर केले. मग मी विद्यार्थी ठेवून घेतला. कामाचं माणूस कोणी हातचं जाऊ देते काय?"