नावापुढचा रकाना

"छत्तीस," अनघा पुटपुटली आणि पुन्हा वरच्या ओळीपासून मोजायला लागली. पडद्यावरचे चौकोन चाळीसपैकी छत्तीसच भरले. सलग तिसऱ्या रविवारी ओसेई नव्हता.

लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर होता, कारण जेवणाचं टेबल मार्चपासून नवऱ्याच्या, संजीवच्या ऑफिसनं बळकावलं होतं. ती एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभ्याउभ्याच प्रवचन ऐकत होती. म्हणजे ऐकत नव्हतीच.

"आई, उरुसाइ!" आतल्या खोलीतून तन्वी ओरडली. 'किती आवाज' हे ती नेहमी जपानीतच म्हणायची.

"मी कुठं काय केलं? पास्टर बोलतायत."

"देन म्यूट युवर पास्टर."

"माझे कुठले आलेत ते!" अनघा म्हणाली, पण आवाज कमी केला.

खरंच, तिचे कुठले? पास्टर कॅल्विन मूळचे अमेरिकेतल्या अलाबामाचे, टोक्योत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या चर्चमध्ये अमेरिकेतले, घानाचे, नायजेरियाचे असे चाळीसेक कृष्णवर्णीय लोक, काहींच्या जपानी बायका, आणि हिशेबाला टोक्योतल्याच हिगाशी-कसाई भागातली अनघा. तिला तिथं नेलं मदर रूबींनी. त्या हिच्याच इमारतीत तळमजल्यावर राहायच्या. 'मदर' ही त्या चर्चमधली पदवी. ती मिळालेल्या म्हाताऱ्या बाईचा शब्द कोणी मोडत नाही. सासूबाईंसारखंच की, अनघाला वाटलं होतं, फक्त या लोकांनी स्वतः निवडलेल्या.

"हिशेब येतो तुला?" घरमालकाचं जपानी पत्र वाचून घेता घेता मदर रूबींनी विचारलं होतं.

"अकरा वर्षं चिंचवडच्या पतपेढीत काउंटरला होते."

"आणि तू आमच्यातल्या कोणाची बहीण नाहीस, मेव्हणी नाहीस. देव माणूस पाठवतो ते असं."

चिंचवडला ही बातमी पोचल्यावर सासूबाईंचा फोन आलाच. "चर्चमध्ये जातेस म्हणे?"

"जात नाही हो आई. हिशेब बघते."

"बघ बाई. प्रसाद-बिसाद खाल्लास तरी चालेल, पण संजीवच्या मंगळवारच्या उपासाचं विसरू नको."

साथ आली तशी चर्चची खोली बंद झाली. खोली म्हणजे एका बंद पडलेल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरचा हॉल, साठ घडीच्या खुर्च्या आणि एक जुना कीबोर्ड. भाडं महिन्याला एक लाख ऐंशी हजार येन. खोली बंद असली तरी भाडं बंद होत नाही, हे घरमालकानं फार नम्र भाषेत कळवलं. दान आता बँकेत भरायचं ठरलं आणि एप्रिलमध्ये जमा झाले बासष्ट हजार. फोनवर पास्टर म्हणाले, "अनघा-सान, शिल्लक आणखी एक महिना पुरेल. मग किल्ली परत."

अनघाला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी दात घासताना तिला गणपतीचा फळा आठवला. त्यांच्या सोसायटीत गेटाशी फळा लागायचा, वर्गणीदारांची नावं आणि पुढे आकडे. संजीव एका वर्षात पाचशे एकवरून अकराशे एकवर गेला होता, का तर खालच्या मजल्यावरच्या अंबरीष कुलकर्णीनं एक हजार एक दिले होते. फळ्यानं कोणाचं वाईट केलेलं तिला तरी ठाऊक नव्हतं.

तिनं सुरेख तक्ता केला. चाळीस नावं, इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, पुढे रक्कम. ज्यांच्याकडून काही आलं नव्हतं त्यांच्या पुढचा रकाना तिनं रिकामा ठेवला. शून्यसुद्धा लिहिलं नाही, तेवढी समज आपल्याला आहे याचं तिला बरंही वाटलं. 'प्रभूच्या कार्यासाठी धन्यवाद' असं वर लिहून तिनं तो चर्चच्या ग्रुपवर टाकला.

आठ दिवसांत दोन लाख दहा हजार आले.

"चिंचवड पॅटर्न," संजीव लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला. "पेटंट घेऊन टाक."

पास्टरनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. मग चौकोन कमी व्हायला लागले. आधी ओसेई, मग दोन भाऊ, मग शिंपीकाम करणारी एक बाई. ओसेई घानाचा, पन्नाशीचा, विमानतळाजवळच्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत कामाला. रविवारी दारात उभा राहून तो प्रत्येकाला जागेवर नेऊन बसवायचा. हिंदू बाईलासुद्धा. विमानं थांबली, हॉटेलं रिकामी झाली आणि चादरी मळेनाशा झाल्या. हे सगळं अनघाला माहीत होतं. तिनं ते तक्त्याला लावून मात्र पाहिलं नव्हतं.

त्या तिसऱ्या रविवारी प्रार्थना संपल्यावर ती तडक खाली गेली. मदर रूबी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. अनघा मास्क लावून चार पायऱ्या वरच थांबली.

"मदर, ओसेई फोन उचलत नाही. साथीसाठी सरकार प्रत्येकाला लाख येन देतंय, त्याचा फॉर्म भरायचा राहिला असेल त्याचा. जाऊन येऊ का?"

"फॉर्मसाठी जाणार आहेस?"

अनघानं मास्क नाकावर नीट ओढला.

"आपल्याकडे दान कसं गोळा व्हायचं, पाहिलंस कधी?"

"दर रविवारी मीच तर मोजायचे."

"मोजायचीस. पाहायची नाहीस." मदर रूबींनी चष्मा काढून गळ्यातल्या स्कार्फला पुसला. "एकेक रांग उठते. सगळे चालत पुढे जातात, टोपलीत मूठ घालतात, परत येतात. सगळे. माझ्या आईकडे कितीतरी रविवार काहीच नसायचं. पण ती उठायची, टोपी सारखी करायची आणि अशी चालायची की जणू अख्खं गाव तिनंच विकत घेतलंय. मूठ आत, मूठ बाहेर. माझ्या बापालाही कधी कळलं नाही. तू काय केलंस ठाऊक आहे? सगळ्यांना चालायला लावलंस आणि ओसेईला एकट्याला खुर्चीत बसवून ठेवलंस."

अनघानं फोन काढला. "मी आत्ता काढते तो तक्ता."

"काढ. लोकांनी वाचलंय ते कसं काढशील?"

"पण मदर, तक्ता नसेल तर पैसे येणार नाहीत. खोली जाईल."

"पोरी, खोलीच्या आधी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात जमायचो. नऊ जण आणि एक फ्रिज."

पास्टर लगेच तयार झाले नाहीत. "त्या खोलीत मी चौदा लग्नं लावलीत," ते फोनवर म्हणाले. मग म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?"

तिचं म्हणणं असं होतं की टोपलीच लोकांच्या दारी न्यावी. तन्वीची प्राथमिक शाळेतली बुटांची पिशवी होती, अस्वलाच्या चित्राची. खोल, वर नाडी, हात गेला की कोपरापर्यंत आत. दर रविवारी सायकलवरून चाळीस दारं, अर्धी सकाळी, अर्धी दुपारी.

"वेडी आहेस का?" संजीव म्हणाला. "साथ चाललीय आणि तू दारोदार फिरणार?"

"दारातच उभी राहणार. मास्क आहे, सॅनिटायझर आहे."

"आणि ते अस्वल?"

"अस्वलाला काही होत नाही."

बँकेतलं दान तिनं बंद करायला लावलं. पहिल्या रविवारी पिशवीत अकरा हजार निघाले, दुसऱ्या रविवारी चौदा. मोजायला ती आणि पास्टरची बायको मिचिको बसायच्या, सगळं एकदम टेबलावर ओतून. ते दोघे भाऊ पुन्हा पडद्यावर आले, शिंपीणबाईही. एवढ्या पैशांत प्रार्थनेचा इंटरनेट खर्च निघत होता, दोन आजारी घरांचा किराणा निघत होता. खोलीचं भाडं निघत नव्हतं. शिल्लक संपली तशी, जूनच्या शेवटच्या शनिवारी पास्टरनी किल्ली परत केली. साठ खुर्च्या चौघांच्या घरांत वाटल्या गेल्या. अनघाच्या बाल्कनीत पंधरा आल्या आणि तन्वीनं कपडे वाळत घालायला जागा नाही म्हणून दोन दिवस अबोला धरला.

ओसेईचं दार मात्र उघडत नव्हतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. दर रविवारी ती बेल दाबायची, शंभर आकडे मोजायची आणि उतरायची. दाराबाहेरचा विजेचा मीटर फिरताना दिसायचा, म्हणजे तो आत होता. चिठ्ठी लिहावी असं तिला तीनदा वाटलं, पण तिच्या चिठ्ठीनं आधीच पुरेसं केलं होतं.

किल्ली गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं बेल दाबली, तेव्हा पंचविसाव्या आकड्याला दार साखळीपुरतं उघडलं.

"फॉर्म मी कधीच पाठवला," ओसेई म्हणाला. दाढी वाढली होती, शर्टाला मात्र कडक इस्त्री होती.

"फॉर्मसाठी नाही आले." तिनं पिशवी पुढे केली. "दान."

तो अस्वलाकडे बघत राहिला. "आणि मग यादी?"

"यादी नाही. आता कधीच नाही."

"मोजताना तुला कळेल."

"एकदम ओततो आम्ही. मलाही कळत नाही, मिचिको-साननाही नाही."

मग फटीतून हात बाहेर आला, मूठ मिटलेली. अनघानं मान वळवली आणि शेजारच्या दाराजवळच्या गॅस मीटरचा आकडा वाचायला लागली. शून्य, चार, चार, सात. पिशवी खाली ओढली गेली, थोडी थांबली, हलकी झाली. दार बंद झालं.

ती जिन्याकडे वळली तोच मागे साखळी निघाल्याचा आवाज आला. ओसेई बुटांच्या नाड्या बांधत बाहेर येत होता. मास्क लावून, बटणं वरपर्यंत.

"हे तू सायकलच्या हँडलला टांगून नेतेस?"

"हो. का?"

"दान असं लोंबकळत नेत नाहीत." त्यानं हात पुढे केला. तिनं पिशवी दिली. त्यानं ती दोन्ही हातांत छातीशी धरली. "पुढचं घर कोणाचं?"

"सिस्टर अबेना. नदीपलीकडे. सायकलवर बारा मिनिटं."

"मला सायकल नाही."

"मग चालत जाऊ."

खाली उतरून तिनं सायकल हातात धरली. तो दोन मीटर पुढे चालत होता, पाठ ताठ. हवा दमट होती आणि तिला अजून सतरा दारं करायची होती. तीन आठवडे घोळवलेलं वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. पुलाच्या अलीकडे रस्त्यावर एकही गाडी नव्हती, तरी तो लाल दिव्याला थांबला. तीही थांबली.

"ओसेई-सान, त्या यादीचं मला..."

"हिरवा झाला," तो म्हणाला आणि पूल चढायला लागला.