अब्दुल्ला का गेला नाही

मिरजेत बारा वर्षं मी माणसांना भूल देत होते. पामर्स्टन नॉर्थमध्ये मी त्यांना आंघोळ घालत होते. दोन्ही कामांत माणूस निमूटपणे आपल्या हवाली होतो, एवढंच काय ते साम्य.

आम्ही चौऱ्याण्णव साली न्यूझीलंडला आलो. माझा नवरा अनिरुद्ध मातीचा शास्त्रज्ञ, त्याला इथल्या संशोधन संस्थेत नोकरी होती. व्हिसाच्या अर्जात माझ्या डॉक्टरकीला भरघोस गुण मिळाले. विमानातून उतरल्यावर कळलं की त्या डॉक्टरकीवर इथे तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. आधी लेखी परीक्षा, मग ऑकलंडला जाऊन पेशंट तपासून दाखवायची परीक्षा. लेखीत दुसऱ्या खेपेला पास झाले, ऑकलंडच्या परीक्षेत पहिल्या खेपेला आपटले. घरी बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, केअरगिव्हरची नोकरी धरली. तिथे सगळे मला ‘विनी’ म्हणायचे. विनया म्हणायला त्यांना काय धाड भरली होती, देव जाणे.

मिरजेला अण्णांना मात्र मी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं, की इथल्या हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे, तोवर खरं होऊन जाईल, असं वाटलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, गुरुनाथ मास्तर. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं, अर्धं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. ते पत्र खिशात घालून ते निम्म्या मिरजेत फिरले. मग माघार कुठून घेणार? दर रविवारी फोनवर ते विचारायचे, “या आठवड्यात किती केसेस?” आणि मी सांगायचे. अपेंडिक्स, सिझर, एकदा तर ट्रॅक्टरखाली सापडलेल्या माणसाचा पाय. ते इतके खूश व्हायचे की मलाही चेव यायचा. माझी अकरा वर्षांची अनुया सोफ्यावर बसून ऐकायची. “मम, दॅट्स अ टोटल लाय,” असं एकदा म्हणाली, तर मी तिलाच झापलं.

रेस्ट होममध्ये मला डॉक्टर म्हणणारा एकच माणूस होता. चौदा नंबरच्या खोलीतले कमारुद्दीन. मलायाच्या पेराक संस्थानातले, तरुणपणी शिकायला इकडे आले, इथलीच बायको केली, शाळेत इतिहास शिकवला आणि राहिले. बायको गेली, मग पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात गेला. मी त्यांना ‘चिकगू’ म्हणायचे. त्यांच्या भाषेत मास्तरांना तसं म्हणतात. मास्तरांची मुलगी असल्यानं ते माझ्या तोंडी लगेच बसलं.

चिकगूंना मरायच्या आत एक पुस्तक पुरं करायचं होतं, त्यांच्या सुलतान अब्दुल्लाचं चरित्र. माझी पाळी दोनला संपायची, अनुया शाळेतून तीननंतर यायची. मधला तासभर ते सांगायचे आणि मी लिहायचे. खरं तर मला त्या तासात परीक्षेचा अभ्यास करायला हवा होता. पण जिथे मला डॉक्टर म्हणतात ती एवढी एकच खोली होती, ती कशी सोडू?

अब्दुल्लाची गोष्ट थोडक्यात अशी. अठराशे एकाहत्तर साली पेराकचा जुना सुलतान वारला. अब्दुल्ला हा युवराज, गादी त्याचीच. पण पेराकचा रिवाज असा, की नवा राजा जाहीर झाल्याशिवाय जुन्या राजाला मूठमाती द्यायची नाही. म्हणजे वारसानं प्रेताशी हजर राहिलंच पाहिजे. अब्दुल्ला नदीच्या खालच्या अंगाला राहत होता, प्रेत वरच्या अंगाला. होडीनं काही दिवसांची वाट. सरदारांनी निरोप धाडले, वाट पाहिली. तो गेलाच नाही. शेवटी सरदारांनी इस्माईल नावाच्या दुसऱ्यालाच सुलतान केलं आणि दफन उरकलं.

पुढचं सगळं त्यातूनच निघालं. हातची गेलेली गादी मिळवण्यासाठी अब्दुल्लानं इंग्रज गव्हर्नरला आपण होऊन पत्र लिहिलं, की मला सुलतान करा आणि राज्य कसं चालवायचं ते शिकवायला एक शहाणा माणूस पाठवा. इंग्रजांना तेवढंच हवं होतं. चौऱ्याहत्तर साली करार झाला, अब्दुल्ला सुलतान झाला आणि शहाणा माणूस आला. त्याचा सल्ला धर्म आणि रीतिरिवाज सोडून प्रत्येक बाबतीत घ्यायचा आणि पाळायचा, असं करारात लिहिलेलं. राजचिन्हं तर इस्माईलनं दिलीच नाहीत. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत त्या शहाण्या माणसाचा खून झाला. कटाचा आळ अब्दुल्लावर आला आणि त्याला सेशेल्सच्या बेटावर नेऊन ठेवलं. सतरा वर्षं तिथे बसून तो अर्ज करत राहिला. पेराकला परत येऊ दिलं ते थेट मरायच्या वर्षी.

हे सगळं चिकगूंना पाठ होतं. गाडी अडली होती दुसऱ्याच प्रकरणावर. अब्दुल्ला प्रेताशी का गेला नाही? पाच महिने आम्ही तिथेच. त्यांनी कारणांची यादीच केली होती. नदीच्या वाटेत त्याच्या वैऱ्याचा मुलूख लागत होता. त्याची बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली होती. सरदारांवर विश्वास नव्हता. चिकगू एक कारण लिहायला लावायचे, दुसऱ्या दिवशी खोडायला लावायचे. त्यांना अब्दुल्लासाठी एखादं इभ्रतीचं कारण हवं होतं, दुसरं काही नाही.

सत्त्याण्णवच्या जूनमधल्या एका सोमवारी संध्याकाळी मिरजेहून फोन आला. माझा चुलतभाऊ सुरेश होता. अण्णांचं सगळं तोच बघायचा.

“ताई, काकांना अ‍ॅटॅक आलाय. आयसीयूत आहेत. तुझ्याच जुन्या हॉस्पिटलात. सुलेखा मॅडम बघतायत, तुझी चौकशी करत होत्या. तू निघ.”

“बोलतायत का?”

“बोलतायत थोडं थोडं. पण तू निघ.”

“कळवते,” मी म्हणाले.

निघते म्हणाले नाही. कळवते म्हणाले. फोन ठेवल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं.

शनिवारी ऑकलंडला माझी परीक्षा होती. अनिरुद्ध म्हणाला, “परीक्षा गेली खड्ड्यात. उद्याचं तिकीट बघतो.”

“आणि पुढची तारीख कधी? वर्षानं? अजून वर्षभर म्हाताऱ्यांचे डायपर बदलू?”

“विनया, अण्णा आहेत ते.”

“मला माहीत आहे कोण आहेत ते!”

मी इतक्या जोरात ओरडले की अनुया खोलीतून बाहेर आली. “आजोबा ओके?” तिनं विचारलं. मी तिला जवळ घेतलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

आई गेली तेव्हा अण्णांनी सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं, “माझ्या वेळी अग्नी विनया देईल. मुलगा नाही म्हणून कुणी पुढं यायचं नाही.” भटजींनी तोंड वाकडं केलं, तर त्यांनाही सुनावलं होतं. सबंध मिरजेत अशी गोष्ट पूर्वी कुणी जाहीर केली असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी मला माझ्या वडिलांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी कशाचा वाटला नाही.

आणि मी कळवते म्हणाले होते.

मंगळवारी मी कामावर गेले. हो, गेले. अनिरुद्धला सांगितलं की रजेचं बोलून येते, आणि रजेबद्दल अवाक्षर न काढता सहा जणांच्या आंघोळी उरकल्या. दोन वाजता चौदा नंबरच्या खोलीत वही उघडून बसले. चिकगू त्या दिवशी खुशीत होते. त्यांना नवं कारण सापडलं होतं.

“लिहा डॉक्टर. युवराजानं वर जायचं टाळलं, कारण तो गेला असता तर वाटेत लढाई झाली असती. प्रजेचं रक्त सांडू नये म्हणून—”

मी पेन खाली ठेवलं.

“तो घाबरला, चिकगू.”

“वैऱ्याला? ते कारण आपण मार्चमध्येच—”

“वैऱ्याला नाही. लोकांना. बायको पळून गेलेली. सगळे सरदार जमलेले. त्यांच्यापुढे जाऊन उभं राहायचं, त्यांनी डोळ्यांत बघायचं, आणि या माणसाचं घरात काय झालंय ते सगळ्यांना ठाऊक. त्याला ते नको होतं. गादी गेली तरी चालेल, पण त्या बघणाऱ्यांपुढे जायचं नाही. बाकी वाटेतला वैरी, लढाई, प्रजेचं रक्त, या सगळ्या सबबी. घरी बसून मोठमोठ्या सबबी सुचतात माणसाला. परीक्षासुद्धा सुचते!”

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून मराठीत निघालं. चिकगूंना ते कळलं नाही, पण मी रडते आहे हे दिसलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. अण्णा, शनिवारची परीक्षा आणि तीन वर्षांचं खोटं. त्या आयसीयूच्या दारात सुलेखा भेटणार. माझ्या हाताखाली शिकलेली. ती विचारणार, मॅडम, तिकडे कोणत्या डिपार्टमेंटला आहात? आणि मी साबणाच्या पाण्यानं फुटलेले हे हात कुठे लपवणार? मी परीक्षेसाठी थांबलेच नव्हते. पास होऊन गेले असते तर तोंड दाखवता आलं असतं, एवढ्यासाठी मी अण्णांना आयसीयूत थांबवून ठेवलं होतं.

 डाव्या हातानं चिकगूंनी वही माझ्याकडून ओढून घेतली आणि मिटली.

“पाच महिने मी त्याला वाचवत होतो,” ते म्हणाले. “डॉक्टर, जा तुम्ही. आजच्या आज.”

मी एप्रनसकट गाडीत बसले. घरी येऊन ट्रॅव्हल एजंटला फोन लावला. बुधवारी सकाळी निघायचं, ऑकलंड, सिंगापूर, मुंबई, पुढे टॅक्सीनं मिरज. गुरुवारी रात्रीपर्यंत पोचले असते. मला एकदम हलकं वाटलं. जे विचारतील त्यांना खरं सांगायचं. म्हणू दे काय म्हणायचं ते. अण्णांनाही सांगायचं, कानाशी, हळूच. ते रागावले तर रागावू देत. मी कपाटावरची बॅग काढली आणि सुरेशला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते.

“सुरेश, मी निघतेय. गुरुवारी पोचते. काहीही झालं तरी थांबा माझ्यासाठी.”

“ताई, आत्ता तुलाच लावणार होतो.” त्याचा आवाज बसला होता. “काका काल रात्री गेले. सकाळी सातला सगळं उरकलं. घाटावरून आत्ताच आलोय.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“उरकलं? कुणी? अग्नी कुणी दिला?”

“मी दिला.”

“त्यांनी मला सांगितलं होतं, सुरेश! सगळ्यांसमोर सांगितलं होतं! तुम्ही थांबला का नाहीत? बर्फावर ठेवता आलं नसतं का?”

“मी तेच म्हणत होतो ताई, शपथेवर सांगतो. काकांनीच ऐकलं नाही. संध्याकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, तिच्यासाठी थांबू नका. तिला ऑपरेशनं असतात, टेबलावर माणसं असतात तिच्या भरवशावर. ती अशी सोडून येऊ शकत नाही आणि तिनं येऊही नये. अग्नी तू दे, आणि तिला मागून कळव. सुलेखा मॅडम होत्या तिथे. सगळा स्टाफ होता. सगळ्यांना सांगत होते.”

मी बॅगेवर बसले. अण्णांना जे जन्मात एकच हवं होतं, ते माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून त्यांनी आपल्या हातानं सोडून दिलं होतं. आणि अभिमानानं सोडलं होतं.

“ताई? आहेस ना?”

“आहे.”

“उद्याच्या पेपरात बातमी द्यायचीय. मी लिहिलीय, ऐक. ‘आदर्श शिक्षक गुरुनाथ मास्तर यांचे निधन. त्यांच्या पश्चात न्यूझीलंड येथील रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून कार्यरत असलेल्या कन्या डॉ. विनया, जावई, नात असा परिवार आहे.’ बरोबर आहे ना?”

“नाही,” मी म्हणाले. “बरोबर नाही.”

आणि सांगून टाकलं. रेस्ट होम, आंघोळी, नापास झालेली परीक्षा, रविवारचे फोन, सगळं. न थांबता सांगितलं. तीन वर्षं जे बोलायची हिंमत झाली नव्हती, ते पाच मिनिटांत संपलं. पलीकडे बायकांचं रडणं आणि कुणीतरी भांडी हलवत असल्याचा आवाज येत होता.

“सुरेश, ते खोडून टाक. नुसतं कन्या विनया लिही.”

“ताई,” तो अगदी हळू बोलला, म्हणजे शेजारी कुणीतरी उभं असणार. “हे तू मला सांगितलंस, झालं. आता दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. काकांचं शेवटचं बोलणं आहे ते. सगळं गाव सकाळपासून तेच बोलतंय, की मुलगी पेशंट सोडून आली नाही, मास्तरांची मुलगी शोभते. आता खरं सांगितलंस, तर मरताना काका काय बोलून गेले? आणि अग्नी तुला सोडून मला द्यायला लावला, त्याचं काय? लोक काय म्हणतील काकांना?”

“पण ते खरं नाही रे.”

“नसू दे. तुझ्यासाठी नाही म्हणत मी. काकांसाठी. बातमी अशीच देतो. तू दहाव्याला येशील ना? सुलेखा मॅडम येणारेत, तुझ्या जुन्या हॉस्पिटलातले सगळे येणारेत. तुझ्याशी बोलायचंय म्हणत होते.”

समोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर अनुयानं शनिवारभोवती लाल स्केचपेननं गोल काढला होता. तिकीट उद्याचं होतं.

“नाही,” मी म्हणाले. “सांग त्यांना, मला रजा मिळाली नाही.”